‘फारसं लागलं नाही’ म्हणण्याआधी : किरकोळ दुखापतीच्या भरपाईची तयारी

रस्ता अपघातात कपाळाला चार टाके, आखडलेली मान आणि बुडालेले आठ-दहा दिवसांचे काम. एवढ्याची भरपाई मिळते का? मिळते, पण त्यासाठी कायद्यात ठरलेली रक्कम नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक कोणाची हे सिद्ध न करता अडीच लाख मिळतात, ते गंभीर दुखापतीला. धडक देऊन पळालेली गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून 50 हजार मिळतात, तेही गंभीर दुखापतीलाच. साध्या दुखापतीला उरतो कलम 166 खालचा दावा. तिथे समोरच्याचा निष्काळजीपणा, आपली दुखापत आणि आपला खर्च हे तिन्ही आपल्यालाच दाखवावे लागते. म्हणून दुखापत जितकी किरकोळ, तितके कागद पक्के हवेत.

सुरुवात गाडीच्या नंबरापासून करा. गाड्या बाजूला घेण्याआधी दोन्ही गाड्या, रस्ता आणि नंबर प्लेट एका चौकटीत येतील असे दोन-तीन फोटो काढा. नुसत्या चेपलेल्या बंपरचा फोटो नंतर कोणाच्याच कामाचा नसतो. चालकाच्या लायसन्सचा फोटो घ्या. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की विमा चालू आहे की संपला, हे तिथल्या तिथे दिसते. मदतीला धावलेल्या एखाद्याचा मोबाइल नंबर मागून ठेवा. समोरच्या दुकानाचा सीसीटीव्ही असेल तर त्याच दिवशी पोलिसांना लेखी कळवा, कारण जुने फुटेज थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते. समोरचा ‘पोलीस कशाला, दोन हजार घ्या आणि मिटवा’ म्हणाला, तर कागदावर सही करू नका. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. मान बहुधा दुसऱ्या दिवशी आखडते.

आता दवाखाना. इथे थोडे थांबू या, कारण दावे इथेच घसरतात. घाईत आपण डॉक्टरांना सांगतो, ‘पडलो, हाताला लागलं.’ डॉक्टर केसपेपरवर लिहितात, ‘घसरून पडल्याची हकिगत.’ पुढे विमा कंपनीचा वकील नेमकी तीच ओळ वाचून दाखवतो आणि अपघातच झाला नव्हता म्हणतो. म्हणून पहिल्याच वेळी सांगा : रस्ता अपघात, अमुक वाहनाने धडक दिली, तारीख, वेळ, ठिकाण. तसे लिहिले गेले का, ते वाचून घ्या. एमएलसी (पोलिसांना कळवायच्या प्रकरणाची दवाखान्यातली नोंद) करायला सांगा आणि तिचा नंबर टिपून ठेवा. दुखते ती प्रत्येक जागा सांगा, गुडघा आणि करंगळीसुद्धा. ‘किरकोळ’ हे आपण ठरवायचे नसते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे हाड मोडणे, सांधा निखळणे किंवा दात तुटणे ही गंभीर दुखापत आहे. 15 दिवस तीव्र वेदना होणे किंवा तितके दिवस नेहमीची कामे करता न येणे हेही त्यातच येते. त्यामुळे एक्स-रेमध्ये बारीकशी चीर दिसली तरी प्रकरणाची जातच बदलते. डॉक्टरांनी सांगितलेला एक्स-रे टाळू नका, आणि फिल्म व रिपोर्ट दोन्ही ताब्यात ठेवा.

पोलीस ठाण्यात ‘साधंच आहे, एनसी करून टाकू’ हे वाक्य ऐकायला मिळते. एनसी म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद. निष्काळजीपणे गाडी चालवून दुखापत करणे दखलपात्र आहे, तेव्हा एफआयआरच मागा. खबर देणाऱ्याला तिची प्रत मोफत मिळते. घटनास्थळ पंचनामा, धडक देणाऱ्या गाडीचे आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), लायसन्स आणि पॉलिसी यांच्या प्रती पोलिसांकडून घ्या. 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल 48 तासांत आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्यावर विसंबून मात्र घरी बसू नका. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात दाव्यासाठी अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. ती तारीख मोठ्या अक्षरांत फाइलच्या पुठ्ठ्यावरच लिहा. अपघात सोलापूरला झाला आणि तुम्ही ठाण्यात राहता, तर दावा ठाण्यातही दाखल करता येतो.

पैशाचे कागद वेगळ्या फाइलला लावा. नेहमीच्या दुखापतीत भरपाई तीनच गोष्टींची मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केले आहे : उपचाराचा आणि त्यासोबतचा खर्च, उपचाराच्या काळात बुडालेली कमाई, आणि सोसलेला त्रास. खर्चात औषधांबरोबर रिक्षाभाडे आणि पौष्टिक आहारही येतो. प्रत्येक बिलामागे त्या तारखेचे प्रिस्क्रिप्शन टाचा. मेडिकलच्या गुळगुळीत कागदावरची छपाई पुसट होते, तेव्हा लगेच झेरॉक्स काढा. फिजिओथेरपिस्टकडून ‘एकूण रुपये अमुक’ अशी चिठ्ठी न घेता तारीखवार पावती घ्या. नोकरदारांनी कार्यालयाकडून रजेचा दाखला आणि पगारपत्रक घ्यावे. हक्काची रजा खर्ची पडली असेल तर तीही मागावी. नाक्यावर हातगाडी लावणाऱ्याकडे कसले आलेय पगारपत्रक? त्याने यूपीआयचे तीन महिन्यांचे स्टेटमेंट काढावे. रोज पन्नास-साठ व्यवहार आणि मध्येच दहा दिवस कोरे असतील, तर बुडालेला धंदा त्यातच दिसतो.

मेडिक्लेममधून बिल भागले, आता काय मागणार, असे समजून अनेक जण गप्प बसतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च 2025 मध्ये निकाल दिला आहे की मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करायची नाही. फक्त मूळ बिले विमा कंपनीकडे जाण्याआधी संपूर्ण संच झेरॉक्स करून ठेवा आणि ती जमा केल्याची पोच घ्या.

चूक तुमचीच असेल तर थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा, तुम्हाला उपयोगी नाही. मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, टाक्यांसाठी नाही. शेजारी बसलेल्या पाहुण्याला लागले असेल तर आपली पॉलिसी पॅकेज (आपल्या गाडीचे नुकसानही धरणारी) आहे की नुसती थर्ड पार्टी, ते बघा. खासगी गाडीतल्या प्रवाशाला नुसत्या थर्ड पार्टीचे संरक्षण नसते.

वकील निवडताना फी किती आणि कधी द्यायची, हे वकीलपत्रावर सही करण्याआधी ठरवा. ‘मिळालेल्यातले अर्धे’ ही बोली मान्य करू नका. लहान दावे बहुतेक लोकअदालतीत तडजोडीने मिटतात आणि ते वाईट नाही, कारण वर्षानुवर्षांच्या तारखा वाचतात. मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही. न्यायाधिकरणात लढलात तरी वादातली रक्कम एक लाखाच्या आत असेल तर उच्च न्यायालयात अपील करता येत नाही. म्हणून कंपनीचा आकडा ऐकण्याआधी आपल्या तीन बेरजा कागदावर तयार ठेवा, आणि तडजोडीच्या रकमेत व्याज धरले आहे की नाही, हे सहीपूर्वी विचारा.