माउस बाजूला ठेवा, मेल बोटांनी पाठवा

मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला पारा 45 ला टेकला की लॅपटॉपचा टचपॅड घामेजल्या बोटांचं ऐकत नाही. केळीच्या पॅकहाऊसमधून परदेशी खरेदीदारांना दर आठवड्याला मेल काढणं माझ्याकडे आहे. शेतकऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅप पुरतं, खरेदीदाराला मात्र मेलच लागतो. कीबोर्डचे शॉर्टकट शिकले ते या उन्हाळ्यापायी.

चाळीस शॉर्टकट पाठ करू नका, चार-पाच हाताला बसले तरी काम उरकतं.

पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा: कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही. वर्डमधला मजकूर नुसत्या कंट्रोल व्हीने पेस्ट केला तर फॉन्ट, रंग आणि नको तो कोडही मागे येतो. मेल फुगतो. जीमेल 102 केबीच्या पुढचा भाग कापून दाखवतं, आणि तळाची 'यादीतून नाव काढा' (अनसबस्क्राइब) ही लिंक नेमकी त्यात जाते. शिफ्टसह पेस्ट केलं की नुसती अक्षरं येतात.

दुसरा, विंडोज आणि व्ही. पहिल्यांदा 'चालू करा' असं विचारेल, करा. मग कॉपी केलेल्या शेवटच्या 25 गोष्टी समोर येतात. 13 किलोच्या बॉक्सचं वर्णन, 'जळगाव केळी, भौगोलिक मानांकन 2016' ही ओळ आणि आपला पत्ता पिन करून ठेवा. लाईट जाऊन मशीन बंद पडलं तरी पिन केलेलं राहतं, आणि आमच्याकडे लाईट जायला मुहूर्त लागत नाही.

लिंक द्यायची असेल तर शब्द निवडून कंट्रोल के. मेल लिहायच्या बहुतेक एडिटरमध्ये चालतं. नाही चाललं तर लिहायच्या चौकटीबाहेर क्लिक करून शिफ्टसह प्रश्नचिन्हाची कळ दाबून बघा, बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये त्यांचीच शॉर्टकटची यादी उघडते. जीमेलमध्ये काही शॉर्टकट, खासकरून एका अक्षराचे, आधी सेटिंगमधून चालू करावे लागतात. मराठी कीबोर्ड लावलेला असेल तर विंडोज आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या, नाहीतर एका अक्षराचे शॉर्टकट दगा देतात.

नवे पत्ते भरताना टॅबने पुढे, शिफ्ट टॅबने मागे, चौकटीत टिक करायला स्पेस.

आम्ही सगळेच गेल्या वेळचा मेल कॉपी करून नवा करतो. पाठवण्याआधी प्रिव्ह्यूमध्ये कंट्रोल एफ दाबा आणि मागच्या महिन्याचं नाव शोधा. एप्रिलचा भाव मेमध्ये गेला तर खरेदीदाराचा फोन येतो, आणि मग त्याला भाव समजावत बसा.

पाठवण्यासाठी मात्र शॉर्टकट वापरू नका. जीमेलमध्ये कंट्रोल एंटर दाबलं की मेल सुटतो. रद्द करायला जास्तीत जास्त 30 सेकंद मिळतात, तीही सेटिंगमध्ये वाढवली असतील तर. शेकडो पत्त्यांच्या मोहिमेत आधी स्वतःला टेस्ट मेल टाका, तो फोनवर उघडा, आणि शेवटचं बटण माउसनेच दाबा.