खरखर जात नाही? वॉट वाढवण्याआधी या चुका टाळा

गणपती जवळ आले की इंदूरच्या महारानी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एक प्रश्न हमखास कानावर पडतो: "भिया, इससे ज्यादा वॉट का बोर्ड है क्या?" विचारणारा बहुधा एखाद्या भजनी मंडळाचा हौशी तंत्रज्ञ असतो. त्याची तक्रार खरं तर आवाज कमी पडण्याची नसते, घूं-घूं आणि खरखरीची असते. मोठ्या वॉटच्या ॲम्प्लिफायर बोर्डावर गाणं वाढतं, त्याच मापात खरखरही वाढते आणि बॅटरी लवकर बसते ते वेगळंच. खालच्या दुरुस्त्यांना जास्तीची वीज लागत नाही. एकीत तर ती वाचते.

आधी घूं-घूं ओळखा

सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी नीट ऐका. जाड, खालच्या पट्टीतली 50 हर्ट्झची घूं म्हणजे ट्रान्सफॉर्मर वायरीजवळ आहे किंवा ग्राउंड लूप झाला आहे, म्हणजे ग्राउंड (सर्किटची परतीची समाईक वाट) दोन वाटांनी जोडला जाऊन त्याचं वेटोळं बनलंय. 100 हर्ट्झची थोडी कर्कश घूं रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या भागाच्या) मागून येते, म्हणजे तो डीसी गुळगुळीत करणारा फिल्टर कपॅसिटर थकलाय. मोबाइल जवळ आणल्यावर टर्र-टर्र होत असेल तर इनपुटच्या तोंडाशी 100 पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर ग्राउंडला लावून बघा. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं.

एकच ग्राउंड सगळ्यांना

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते आणि सर्किट डायग्राममध्ये ती दिसतच नाही, कारण कागदावर सगळे ग्राउंड सारखेच असतात. हिशोब करून पाहा. 8 ओहमच्या स्पीकरला 10 वॉट देताना सुमारे 1.1 अँपिअर करंट वाहतो. पीसीबीवरचा (सर्किटच्या छापील बोर्डावरचा) 2 मिलिमीटर रुंद आणि 4 सेंटिमीटर लांब तांब्याचा ट्रॅक साधारण 10 मिलिओहमचा असतो. स्पीकरचा करंट त्याच ट्रॅकवरून परतत असेल तर तिथे 11 मिलिव्होल्ट उभे राहतात. आणि डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरून गायलं तरी तो देतो एक-दोन मिलिव्होल्ट! गायकापेक्षा ट्रॅकच मोठ्यानं बोलतोय म्हणायचा. कधी कधी असं सर्किट आपलं आपण शिट्टीही मारू लागतं.

उपाय वायरीच्या एका तुकड्याचा आहे. माइकचा आणि प्रीॲम्पचा (मुख्य ॲम्प्लिफायरआधी बारीक सिग्नल मोठा करणाऱ्या सर्किटचा) ग्राउंड वेगळ्या वायरीनं आणा, स्पीकरची परतीची वायर वेगळी ठेवा आणि दोन्ही मुख्य फिल्टर कपॅसिटरपाशी एकाच बिंदूवर जोडा.

तंबोऱ्याचा खर्ज कुठे गेला?

तंबोऱ्याला किंवा हार्मोनियमला पिझो चकती (कंपनांची वीज करणारी चकती) चिकटवून तिची वायर सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये घालतात. मग आवाज पत्र्यासारखा येतो आणि दोष चकतीला मिळतो. 27 मिलिमीटरची चकती विजेच्या दृष्टीनं सुमारे 20 नॅनोफॅरडचा कपॅसिटर असते. समोर 10 किलोओहमचं इनपुट आलं की 800 हर्ट्झच्या खालचे स्वर गळायला लागतात. पुरुषांच्या तंबोऱ्याचा खर्ज 70 हर्ट्झच्या आसपास. त्याचा जेमतेम अकरावा हिस्सा पुढे पोचतो. इक्वलायझरवर बेस चढवून तो परत येत नाही, खरखर मात्र वर येते.

प्रीॲम्पमध्ये टीएल072 सारखी जेफेट इनपुटची (इनपुटात जवळजवळ करंट न ओढणारी) चिप असेल तर इनपुटचा 10 किलोओहमचा रेझिस्टर काढून 1 मेगाओहमचा लावा. गळतीची हद्द 8 हर्ट्झवर उतरते आणि चिप पूर्वीइतकीच वीज घेते. मोठा रेझिस्टर जास्त खरखर करतो, हे ऐकीव ज्ञान इथे लागू होत नाही. ती खरखर चकतीचा स्वतःचा कपॅसिटन्सच ग्राउंडला उतरवून टाकतो. चकतीपासून प्रीॲम्पपर्यंतची वायर मात्र शिल्डेड आणि आखूड हवी.

डायनॅमिक माइकसाठी गणित उलटं. तिथे गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) ठरवणारा खालचा, म्हणजे ग्राउंडकडचा रेझिस्टर शंभर किलोओहमऐवजी एक किलोओहमच्या आसपास ठेवा, फीडबॅकचा (आउटपुटकडून परत इनपुटकडे येणारा) त्याच प्रमाणात बदला. रेझिस्टरची स्वतःची खरखर दहापट कमी होते.

वीज खाणारे दोन रेझिस्टर

9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या प्रीॲम्पमध्ये अर्धा व्होल्टेज काढायला 10-10 किलोओहमची जोडी लावलेली असते. ती सतत 0.45 मिलिअँपिअर पिते. टीएल062 ही अख्खी चिपसुद्धा साधारण तेवढंच घेते. 100-100 किलोओहम लावा आणि मधल्या बिंदूवरून ग्राउंडला 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. वीज दहापट वाचली आणि सप्लायची जी निम्मी खरखर इनपुटात शिरत होती तीही थांबली.

एलएम386 या छोट्या ॲम्प्लिफायर चिपवाल्यांनी दोनच गोष्टी बघाव्यात. मोबाइलवरून गाणी वाजवत असाल तर पिन 1 आणि 8 मधला कपॅसिटर काढा. गेन 200 वरून 20 वर येतो आणि सूं-सूं लगेच बसते. पिन 7 वर 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नसेल तर लावा. सिग्नलच्या वाटेत स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर नको, पॉलिस्टर घ्या.

अर्थिंगची पिन तोडू नका

लॅपटॉप चार्जरला लावला की घूं सुरू होते, म्हणून थ्री-पिनची अर्थिंगची पिन काढणारे महाभाग आहेत. आत बिघाड झाला तर माइक धरणाऱ्याच्या हातात 230 व्होल्ट येऊ शकतात. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये 1:1 चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला. लूप तुटतो आणि त्याला सप्लायच लागत नाही.