नाशिकहून ऑपेरा हाउस बघायला जाताना

मुंबईचं रॉयल ऑपेरा हाउस बघायचं तर आधी कार्यक्रमाचं तिकीट काढा, मगच गाडीचं. १९९३ पासून बंद असलेलं हे थिएटर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस, दादरला उतरून चर्चगेट स्लो लोकल, चर्नी रोड स्टेशन; पुढे चालतच. परतीची पंचवटी मात्र संध्याकाळीच सुटते, म्हणून रात्रीच्या प्रयोगासाठी मुक्कामाची सोय हवीच. अर्धा तास आधी पोचा आणि प्रवेशदालनात मान वर करून घुमट नीट बघा. बालगंधर्व, दीनानाथ जिथे गायले तिथे आपण बसलोय, हे मला अजून खरं वाटत नाही! प्रयोग सुरू झाल्यावर मोबाइल बंदच ठेवा.