फ्रोझन चिकनमधलं पाणी मोजताय? या चुका टाळा

खिमा करायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा, किती वजन घटलं ते बघायचं. लॅबमध्ये नव्याने आलेल्या मुलांना काम एवढंच वाटतं. आकडा मात्र बहुतेक वेळा ओव्हनपर्यंत पोचायच्या आधीच बिघडलेला असतो.

सगळ्यात जास्त चीड येते ती पॅकेटात सुटलेलं पाणी ओतून देण्याची. कोल्हापुरातल्या एका हॉटेलवाल्याची तक्रार होती की बोनलेस चिकन शिजलं की फारच आटतं. एका लॅबचा रिपोर्ट आला, ओलावा ७४ टक्के, म्हणजे माल ठीक. गडी ऐकेना. त्याच बॅचचं दुसरं पॅकेट आमच्याकडे घेऊन आला. चौकशी केली तर तिथल्या पोराने पॅकेट रात्रभर ट्रेमध्ये उघडं ठेवलेलं, सकाळी गुलाबी पाणी सिंकमध्ये ओतलेलं आणि उरलेल्या तुकड्यांचा खिमा केलेला. "नुसतं पाणी हुतं की ते!" अरे बाबा, तेच तर मोजायचं होतं! आम्ही पॅकेट बंदच ठेवून फ्रीजमध्ये बर्फ वितळू दिला, सगळं पाणी खिम्यात परत मिसळलं. ओलावा ७९ टक्के भरला.

माझी पद्धत ठरलेली आहे. पिशवीच्या बाहेरचं दव आणि बर्फ पुसायचं, लगेच वजन करायचं. आतल्या बर्फाला हात लावायचा नाही, तो मालाचाच भाग. खिमा थंड असतानाच करायचा. मिक्सर तापू द्यायचा नाही.

ओव्हनचं तापमान १०३ अंश, दोन अंश इकडेतिकडे. लवकर घरी जायचं म्हणून १३० वर नेणाऱ्यांना मी लॅबमध्ये उभं करत नाही. चरबी उडते, करपते, आणि ती घटही पाण्यात मोजली जाते. खिम्यात स्वच्छ वाळू मिसळा, नाहीतर वर पापुद्रा धरतो आणि आतलं पाणी आतच राहतं. ढवळायची काचकांडी डिशसोबतच वजनात धरा. लागोपाठ दोन वजनं जुळेपर्यंत वाळवत राहा. "रात्रभर होतं की ओव्हनमध्ये" हे उत्तर चालत नाही.

गरम डिश काट्यावर ठेवू नका.

कोल्हापूरच्या जुलैत वाळलेला नमुना बघता बघता हवेतला ओलावा ओढतो. म्हणून डिश डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, गार करा. त्यातलं निळं सिलिका जेल गुलाबी पडलं असेल, तर आधी ते तापवून घ्या.

आणि नुसत्या ओलाव्यावरून "पाणी भरलंय" असा शिक्का मारू नका. चरबी कमी-जास्त झाली की ओलावाही बदलतो. त्याच खिम्यातून केल्डाल पद्धतीने नायट्रोजन काढा, ६.२५ ने गुणा, ते प्रोटीन. मग पाण्याला प्रोटीनने भागा. युरोपच्या नियमात कातडी नसलेल्या ब्रेस्ट फिलेटसाठी हे प्रमाण ३.४० च्या वर चालत नाही. पाणी ७५, प्रोटीन २३ असेल तर ३.२६ येतं, पाणी ७९, प्रोटीन १८ असेल तर ४.३९. मसाला लावलेल्या किंवा मिठाचं पाणी टोचून तसं लेबलवर छापलेल्या मालाला मात्र ही मर्यादा लावू नका.