मोठ्या टायरसाठी हवेचा पोर्टेबल पंप निवडताना

पोर्टेबल पंपाच्या खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा बहुधा ‘१५० पीएसआय’ (पाउंड प्रति चौरस इंच, म्हणजे दाब) असा असतो आणि निवड करताना नेमका तोच सर्वांत कमी कामाचा असतो. पंप जास्तीत जास्त किती दाबापर्यंत जाऊ शकतो एवढेच त्यावरून कळते. तिथे पोहोचायला किती वेळ लागेल आणि तोवर मोटर टिकेल का, हे कळत नाही. सायकलचा हातपंपही १०० पीएसआय गाठतो, पण म्हणून त्याने जीपचे चाक भरायला कोणी बसत नाही.

म्हणून पंप पाहण्याआधी आपल्या टायरचा हिशोब करावा. टायरच्या आतली जागा लिटरमध्ये धरावी, जितका दाब वाढवायचा आहे त्याला १४.७ ने, म्हणजे एका वातावरणाच्या दाबाने, भागावे आणि दोन्हींचा गुणाकार करावा. जे उत्तर येईल तितके लिटर बाहेरची हवा पंपाला आत ढकलायची असते. लहान मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० लिटर जागा असते, २६५/७० आर १७ या मापाच्या टायरमध्ये सुमारे ७५, तर २२.५ इंची रिमवरच्या ट्रकच्या टायरमध्ये १२० ते १५० लिटर. वाळूत चालवण्यासाठी २० पीएसआयपर्यंत उतरवलेले ७५ लिटरचे टायर पुन्हा ३५ वर न्यायचे तर जवळपास ७५ लिटर हवा लागते, आणि चार चाकांची ३०० लिटर. ट्रकचे टायर ९५ वरून ११० वर न्यायलाही वाढ तेवढीच, १५ पीएसआयची. परंतु ती १३० लिटरहून अधिक हवा १०० पीएसआयच्या उलट दाबाविरुद्ध रेटावी लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

पंपाचा प्रवाह मिनिटाला अमुक लिटर असा दिलेला असतो, पण तो अनेकदा नळी मोकळी असतानाचा असतो. दाब वाढला की पिस्टनच्या वर उरलेल्या फटीत दाबलेली हवा अडकते, पिस्टन खाली येताना तीच पुन्हा फुगते आणि नवी हवा कमी शिरते. भाराने मोटरही मंदावते. त्यामुळे शून्य दाबाला ३५ लिटर देणारा पंप ३० पीएसआयला बराच कमी आणि १०० ला त्याहून कितीतरी कमी देतो. ज्या उत्पादकाने निरनिराळ्या दाबांना मिळणारा प्रवाह आणि लागणारा करंट यांचा तक्ता दिला आहे, त्याला मी नेहमी झुकते माप देतो. तक्ता नसेल तर दोन पंपांची तुलना घड्याळ लावूनच करावी: तेच टायर, तोच सुरुवातीचा दाब, तोच शेवटचा दाब.

ही परीक्षा एका चाकावर थांबवू नये. माझा पहिला पंप पहिल्या चाकाला उत्तम वाटला, दुसऱ्याला तापला आणि तिसऱ्या चाकावर, जास्त तापल्यावर मोटर बंद करणारे त्याचे थर्मल संरक्षण लागू होऊन, तो अर्धा तास गप्प बसला. माहितीपत्रकात ‘ड्यूटी सायकल’ या नावाने याची कल्पना दिलेली असते. १०० पीएसआयला ३३ टक्के म्हणजे ढोबळमानाने दहा मिनिटे काम आणि वीस मिनिटे विश्रांती. हा आकडा कोणत्या दाबाला दिला आहे, तेही पाहावे.

विजेची बाजू सोपी आहे. सिगरेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज सहसा १० ते २० अँपिअरचा असतो, तेव्हा त्यावर चालणाऱ्या पंपाला तेवढीच मर्यादा पडते. मोठ्या टायरसाठी चिमट्यांनी थेट बॅटरीला जोडला जाणारा पंप घ्यावा आणि तो इंजिन चालू ठेवून, मोकळ्या हवेत वापरावा. ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असेल तर पंपही २४ व्होल्टचाच हवा. दोनपैकी एकाच बॅटरीला १२ व्होल्टचा पंप लावण्याची युक्ती त्या जोडीचा समतोल बिघडवते. कॉर्डलेस पंपांची तुलना एमएएचवर (मिलिअँपिअर-तासांवर) न करता वॉट-तासांवर करावी, कारण ७.४ व्होल्टची ५००० एमएएचची बॅटरी ३७ वॉट-तासांची असते, तर तेवढ्याच एमएएचची १८ व्होल्टची ९० वॉट-तासांची.

नळी मागच्या चाकापर्यंत पोहोचते का, हे गाडीपाशी मापून पाहावे. जोडचाकांमध्ये आतल्या चाकाच्या व्हॉल्व्हवर नळीचे जाड तोंड बसतच नाही, तिथे लांब दांड्याचे तोंड लागते. पंपावरचा गेज हवा भरत असताना प्रत्यक्षापेक्षा जास्त दाब दाखवतो, कारण तो नळीतला दाब मोजतो. पंप थांबवून, शक्यतो वेगळ्या गेजने आणि टायर थंड असताना मोजावे.

ट्रकच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एअर ब्रेक असलेल्या गाडीवर कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी आधीच असते, आणि टाकीला टायर भरण्याची जोडणी असेल तर तीच बहुतेक पोर्टेबल पंपांपेक्षा सरस ठरते. दुसरे म्हणजे, शिफारस केलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेले टायर कोणत्याही पंपाने जागेवर भरू नये. साइडवॉलमधल्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीतल्या, तारा आतून तुटलेल्या असू शकतात आणि भरताना ते चेन उघडावी तसे फाटते. असे टायर उतरवून, आतून तपासल्यावरच भरायचे असते. एरवीही हवा भरताना साइडवॉलसमोर न थांबता लांब नळीच्या टोकाशी, बाजूला उभे राहावे.