हायकोर्टात इंग्रजीतून उभं राहण्याआधी

तालुका कोर्टात मराठीतून धडाधड उलटतपास घेणारा वकील हायकोर्टाचं नाव काढलं की गप्प होतो, ते बहुतेक वेळा कायद्यामुळे नाही, इंग्रजीमुळे. संसद वेगळी तरतूद करत नाही तोवर सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत, असं राज्यघटनेचं कलम ३४८ सांगतं. त्यामुळे तयारीला पर्याय नाही. मात्र ती तयारी उच्चार घोटण्याची नाही, फाइल घोटण्याची आहे.

सुरुवात लिस्ट ऑफ डेट्सपासून, म्हणजे प्रकरणातल्या घटनांच्या तारीखवार यादीपासून करा. कागद समोर ठेवून अख्खं प्रकरण तीन मिनिटांत मोठ्यानं सांगा, एका तारखेला एकच वाक्य. ‘ऑन फोर्थ मार्च, द तहसीलदार पास्ड द ऑर्डर. ऑन टेन्थ मार्च, द पिटिशनर फाइल्ड अॅन अपील.’ साधा भूतकाळ पुरतो. आपल्याकडे प्रत्येक क्रियापदामागे ‘हॅड’ लावायची खोड आहे. ‘हॅड पास्ड’, ‘हॅड फाइल्ड’ असं चार वेळा झालं की आधी काय घडलं आणि नंतर काय, हे ऐकणाऱ्याला कळेनासं होतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज ऐकणं त्रासाचं असतं, पण हा ‘हॅड’ तिथेच पकडला जातो.

मग ठरलेली वाक्यं तोंडात बसवा. फार नाहीत. ‘आय अपिअर फॉर द पिटिशनर.’ ‘आय थिंक’च्या जागी ‘माय सबमिशन इज’, कारण वकिलाला काय वाटतं हे कोर्टानं विचारलेलं नसतं. समोरचा वकील ‘माय लर्निड फ्रेंड’, ‘लर्न्ड’ नव्हे. वस्तुस्थितीबद्दलचा प्रश्न आला आणि फाइलमध्ये उत्तर नसेल तर ‘आय विल टेक इन्स्ट्रक्शन्स’, म्हणजे अशिलाला विचारून सांगतो, असं म्हणा. अंदाजानं ठोकून देऊ नका. प्रश्नाला आधी हो किंवा नाही, कारण नंतर.

संबोधनाचा बाऊ नको. बार कौन्सिलनं २००६ मध्येच ‘युअर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’ सुचवलं, ‘माय लॉर्ड’ सक्तीचं नाही असं सुप्रीम कोर्टानंही २०१४ मध्ये सांगितलं, तरी ‘माय लॉर्ड’ सर्रास ऐकू येतं. त्या कोर्टरूममध्ये तासभर मागे बसा आणि सीनियर जे म्हणतात ते म्हणा.

सायटेशन, म्हणजे जुना निकाल कुठे छापलाय त्याचा संदर्भ, वाचायचा सराव मात्र वेगळा करावा लागतो, कारण लिहिलेलं आणि बोललेलं सारखं नसतं. केशवानंद भारती खटल्याचं सायटेशन ‘नाइन्टीन सेव्हन्टी थ्री, व्हॉल्यूम फोर, एससीसी, पेज टू ट्वेन्टी फाइव्ह’ असं सांगायचं (एससीसी म्हणजे ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ ही निकालांची मालिका). पान आणि परिच्छेद सांगितला की थांबा. न्यायमूर्ती पान उलटत असताना वाचायला लागलात तर पहिली ओळ वाया गेली. आणि वाचायचा तो निकालातला परिच्छेद, हेडनोट नाही. हेडनोट म्हणजे निकालाच्या आधी छापलेला सारांश, तो संपादकाचा असतो.

कलमांचे आकडे जुन्या आणि नव्या, दोन्ही संहितांतले हवेत. १ जुलै २०२४ आधीचा गुन्हा असेल तर फसवणुकीला आयपीसी ४२०, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं ३१८(४).

लेखी इंग्रजीत पहिली कात्री ‘काइंडली डू द नीडफुल’वर चालवा. नेमकं काय हवं आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहा. ईमेलच्या विषयात केस नंबर आणि पुढची तारीख टाका. तडजोडीच्या पत्रावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ (म्हणजे आपल्या हक्कांना बाधा न येता) जरूर, पण सवयीनं प्रत्येक पत्राच्या माथ्यावर नको.

शेवटी अॅफिडेव्हिट. अशील इंग्रजी जाणत नसेल तर मजकूर त्याला मराठीत वाचून, समजावून सांगा आणि तसा शेरा सहीपाशी घ्या. समजावताना एखादं वाक्य तुम्हालाच मराठीत धड सांगता आलं नाही, तर ते वाक्य इंग्रजीतही पुन्हा लिहा, आणि सही त्यानंतरच घ्या.