'काय केलं' आणि 'काय आढळलं' यांची गल्लत टाळा

रुग्णाच्या इलेक्ट्रॉनिक नोंदींचा आराखडा आखताना प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारा: हे डॉक्टरांनी केलं, की त्यांना आढळलं? कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) केली, ही प्रक्रिया. तिच्यात ८ मिलिमीटरचा पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची गाठ) दिसला, हे निरीक्षण. दोन्ही एकाच रकान्यात कोंबलं, की पुढे पॉलिप सापडलेले रुग्ण शोधताना माणसाला एकेक रिपोर्ट वाचत बसावं लागतं. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये वापरल्या जाणाऱ्या फायर (FHIR) या आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीच्या मानकाच्या चौथ्या आवृत्तीत 'प्रोसिजर' आणि 'ऑब्झर्व्हेशन' वेगळे आहेत. निरीक्षणातल्या 'पार्टऑफ' या जागेतून ते प्रक्रियेशी जोडा.

पण अतिरेक नको. बीपी मोजणं हीसुद्धा कृतीच, तरी तिच्यासाठी वेगळी प्रक्रिया नोंदवायची गरज नाही. निरीक्षण पुरतं. त्यात '१२०/८०' असा सलग मजकूर मात्र ठेवू नका. लॉइंक (LOINC) या तपासण्यांच्या संकेतांक-यादीतल्या ८५३५४-९ या बीपीच्या संकेतांकाखाली वरचा आकडा ८४८०-६ या संकेतांकाने, खालचा ८४६२-४ ने नोंदवा, आणि दोन्हींना एकक द्या. पट्टा कोणत्या दंडाला बांधला होता, तेही तिथेच. वेळ मोजल्याची लिहा, टाइप केल्याची नव्हे; वॉर्डातल्या सिस्टरना कामाच्या धावपळीत बऱ्याच नोंदी नंतरच भरता येतात, आणि चुकीच्या वेळेमुळे औषधाआधीचं बीपी औषधानंतरचं वाटू शकतं. हे रुग्णाच्या जिवाशी निगडित आहे.

ठरलेली प्रक्रिया झालीच नाही, तर नोंद पुसू नका. स्थिती 'नॉट-डन' करा आणि कारण लिहा.